वनस्पतिज गर्भनिरोधक : मूषकापासून मानवापर्यंतचे अंतर

जपाकुसुम, विडंग, पिप्पली, निंब, रिठा, गुंजा, चित्रक, पपईचे बी, गाजराचे बी. 'गर्भनिरोधक गुण असलेल्या' वनस्पतींची यादी करावयास बसले तर दोन-तीन पाने सहज भरतील. १९७५ साली अमेरिकेतील नॉर्मन फार्न्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा वनस्पतींचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, तेव्हाही ती यादी लांबलचकच होती. त्यास आता सुमारे पन्नास वर्षे झाली. आपल्याकडील द्रव्यगुण आणि स्त्रीरोग-प्रसूतितंत्र या विषयांच्या अभ्यासकांनी तिच्यात भर घातली आहे. तरीही एखादे जोडपे आपल्यासमोर येऊन बसले आणि "पोटात घ्यावयाचे एखादे वनस्पतिज औषध द्या, दोन वर्षे मूल नको आहे," असे म्हणाले, तर त्यांच्या हाती निःशंक मनाने देता येईल असे एकही औषध आज आपल्यापाशी नाही.

हे विधान काही व्यवसायबंधूंना खटकेल याची आम्हांस कल्पना आहे. आमचीही पूर्वी अशीच धारणा होती की, औषध आहे, ग्रंथात आहे, उणीव आहे ती केवळ शासकीय उत्तेजनाची. ती धारणा का बदलली हे सांगण्यासाठी प्रथम आमच्याच हातून घडलेला एक प्रसंग नमूद करणे उचित होईल.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या चिकित्सालयात नेहमी येणाऱ्या एका कुटुंबातील सून, वय सव्वीस, दोन अपत्ये. तांबी बसवल्यावर रक्तस्राव फार झाला म्हणून ती काढून टाकलेली, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी मळमळ होते ही तक्रार. "डॉक्टर, आपल्या आयुर्वेदात काही नाही का?" हा तिचा प्रश्न. आम्ही मोठ्या उत्साहाने पिप्पल्यादि योग दिला. रजःस्रावाच्या पाचव्या दिवसापासून, दुधाबरोबर. चार महिने सर्व ठीक चालले. पाचव्या महिन्यात पाळी चुकली. तिला वाटले, औषधामुळेच लांबली असेल; म्हणून आणखी काही दिवस वटी चालूच ठेवली. आमच्याकडे आली तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. गर्भ राहिला होता. घरात चर्चा झाली आणि गर्भ ठेवावयाचा असे ठरले. त्यानंतर सासूबाईंना बरोबर घेऊन ती आली आणि तिने एकच विचारले : "हे औषध पोटात गेलंय, बाळाला काही होणार नाही ना?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. "वनस्पतिज आहे, काही होत नाही," असे आम्ही म्हणालो खरे, पण ते आमचे ज्ञान नव्हते, ती आमची सवय होती. पुढे सर्व तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे झाल्या, मुलगा पूर्ण दिवसांचा व निरोगी जन्मला. त्यानंतर काही वर्षांनी २००१ सालचा एक शोधनिबंध आमच्या वाचनात आला. 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकातील. विषय : पिप्पल्यादि वटीचा मूषकांच्या गर्भावर होणारा परिणाम. औषध दिलेल्या माद्यांची पिले वजनाने व लांबीने कमी भरली, आणि काही पिलांत आतडी नाळेत उतरलेली आढळली. तो निबंध वाचताना आम्हांस सासूबाईंशेजारी बसलेली ती बाई आठवली.

सूत्रात काय आहे, काय नाही

संततिप्रतिबंधाचा विचार बृहत्त्रयीत फारसा नाही. तेथे सारा भर गर्भ राहावा, टिकावा आणि सुखाने प्रसव व्हावा यावर आहे. प्रतिबंधक योग ठळकपणे भेटतात ते उत्तरकालीन ग्रंथांत. भावप्रकाश आणि आपल्या महाराष्ट्रात विशेष प्रचारात असलेला योगरत्नाकर ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. पिप्पल्यादि योग हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम : पिप्पली, विडंग आणि टंकण समभाग घेऊन चूर्ण करावे, ऋतुसमयी दुधाबरोबर द्यावे, म्हणजे गर्भ राहत नाही. सूत्र एवढेच. मात्रा किती, किती चक्रे द्यावे, बंद केल्यावर किती काळाने गर्भधारणा होते, आणि औषध चालू असताना गर्भ राहिलाच तर पुढे काय, हे तेथे नाही. सूत्रकारांस दोष देण्याचा हेतू नाही. सूत्र संक्षिप्तच असते, उरलेले गुरुमुखातून यावयाचे असते. परंतु ती परंपरा या विषयापुरती तरी आपल्यापर्यंत अखंड पोहोचलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने हा योग, तसेच जपाकुसुम, निंबतैल इत्यादी द्रव्ये स्वयंसेवी स्त्रियांत वापरून पाहिली. हे काम प्रामाणिक होते आणि त्याचा उल्लेख आदरानेच केला पाहिजे. तथापि त्यांपैकी कोणतेही द्रव्य राष्ट्रीय कुटुंबकल्याण कार्यक्रमात गर्भनिरोधक म्हणून आले नाही, हेही तितकेच खरे.

येथे शब्दांचाही एक घोळ आहे. इंग्रजी निबंधांतून 'अँटिफर्टिलिटी' हा शब्द सरसकट वापरला जातो. त्याच्या पोटात तीन अगदी निरनिराळ्या क्रिया दडलेल्या असतात. बीजसंयोगच होऊ न देणे ही एक, संयोग झालेले बीज गर्भाशयात रुजू न देणे ही दुसरी, आणि रुजलेला गर्भ पाडणे ही तिसरी. चित्रकमूळ किंवा गुंजा यांची गणना पहिल्या यादीत करणे म्हणजे गर्भपातक द्रव्यास गर्भनिरोधकाचे नाव देणे होय. दोहोंत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे, आणि रुग्णेच्या जिवाच्या दृष्टीने तर फारच मोठे आहे.

मूषकाची पाळी चार दिवसांची

आता प्रयोगशाळेकडे वळू. बहुतेक निबंधांची पद्धत एकच असते. मादी मूषकाचा समागम झाल्याची खूण मिळाली की त्या दिवसापासून पाच किंवा सात दिवस वनस्पतीचे सत्त्व तोंडावाटे द्यावयाचे, मग पोट उघडून गर्भाशयात किती गर्भ रुजले ते मोजावयाचे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९७०च्या दशकात जपाकुसुमावर झालेले काम या प्रकारचे आहे, आणि ते या क्षेत्रातील चांगल्या कामांपैकी आहे. फुलांच्या बेन्झीनमध्ये काढलेल्या सत्त्वाने गर्भ रुजण्यास अटकाव होतो असे तेथे आढळले. वनस्पतीचे कोणते अंग घ्यावे, कोणत्या ऋतूत घ्यावे, याचाही त्या संशोधकांनी विचार केला होता. संग्रहकालाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या शास्त्रास ही गोष्ट जवळची वाटावी.

परंतु मूषकाच्या शरीराचे एक वैशिष्ट्य आपण सहसा ध्यानात घेत नाही. तिचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे आणि गर्भकाल सुमारे बावीस दिवसांचा. समागमानंतर चौथ्या दिवशी तिच्या शरीरात इस्ट्रोजेनची एक लहानशी लाट येते आणि त्या लाटेवाचून बीज रुजतच नाही. म्हणजे ज्या कोणत्या द्रव्यात इस्ट्रोजेनसदृश अथवा इस्ट्रोजेनविरोधी असा सौम्यसाही गुण असेल, ते त्या लाटेत व्यत्यय आणू शकते आणि 'गर्भनिरोधक' ठरते. अनेक प्राण्यांत बीज रुजण्यासाठी या लाटेची अशी गरज नसते. मनुष्यस्त्रीच्या बाबतीतही ती तशी सिद्ध झालेली नाही. यादी एवढी लांब का आणि उपयोग एवढा तोकडा का, या कोड्याचे निम्मे उत्तर आम्हांस येथे दिसते.

बेन्झीनचाही प्रश्न आहेच. आपला वैद्य जपाकुसुम देईल ते स्वरस, कल्क किंवा चूर्ण या रूपात. बेन्झीनमध्ये उतरणारे घटक पाण्यात उतरतीलच असे नाही. सत्त्वावरील निष्कर्ष चूर्णाच्या डबीवर चिकटविणे हे द्रव्यगुणशास्त्राच्या साध्या नियमासही सोडून आहे.

साठ टक्क्यांचा हिशेब

उरलेले निम्मे उत्तर गणितात आहे. निबंधात "साठ टक्के परिणामकारक" असे वाचले की मनास बरे वाटते. ज्वरावर, कासावर, आमवातावर साठ टक्के रुग्णांस उपशय मिळाला तर ते औषध आपण आनंदाने वापरतो. गर्भनिरोधकाचे तसे नाही.

कोणताही उपाय न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी एका वर्षात सुमारे ८५ जणींस गर्भ राहतो, हा सर्वमान्य आकडा आहे. सोयीसाठी सर्व जोडपी सारखी मानली तर याचा अर्थ दर महिन्यास गर्भ राहण्याचा संभव साधारण पंधरा टक्के. आता एखाद्या औषधाने हा मासिक संभव साठ टक्क्यांनी घटविला असे समजू. तो सहा टक्क्यांच्या आसपास येतो. पण महिने बारा आहेत! वर्षअखेर हिशेब केला तर शंभरांतील पन्नासांहून अधिक स्त्रिया गर्भवती झालेल्या असतात. औषध नव्वद टक्के परिणामकारक असले तरी वर्षाकाठी सोळा. तुलनेसाठी, तांबीच्या बाबतीत हा आकडा एकाहूनही कमी असतो आणि हार्मोनच्या गोळ्या नेमाने घेतल्या तरीही तसाच. गोळ्या विसरत-चुकत घेणाऱ्या प्रत्यक्षातील स्त्रियांत तो सातच्या घरात जातो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या मित्रांसाठी आणखी एक हिशेब. तीस स्त्रियांना सहा महिने औषध दिले आणि एकीसही गर्भ राहिला नाही, तर प्रबंधात "शंभर टक्के यश" असे लिहिले जाते. तीस गुणिले सहा म्हणजे १८० स्त्रीमास, अर्थात अवघी पंधरा स्त्रीवर्षे. संख्याशास्त्रज्ञांचा एक सोपा ठोकताळा आहे : अपयश शून्य असेल तर तीनास निरीक्षणाच्या एकूण वर्षांनी भागावे, खऱ्या अपयशाची वरची मर्यादा मिळते. तीन भागिले पंधरा म्हणजे शंभर स्त्रीवर्षांस वीस. म्हणजे त्या प्रबंधातून एवढेच सिद्ध होते की, अपयश वर्षास विसांहून बहुधा अधिक नसावे. त्यात त्या तिसांपैकी किती जणी अंगावर पाजत होत्या, किती जणींचे पती नोकरीनिमित्त परगावी होते, हे नोंदविलेले नसेल तर मग तेवढेही नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. कलकत्त्याचे डॉ. एस. एन. सन्याल यांनी आपल्या नेहमीच्या वाटाण्यातून मेटा-झायलोहायड्रोक्विनोन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५०च्या दशकात ते स्त्रियांना देऊन पाहिले. महिन्यातून ठरावीक दिवशी घ्यावयाच्या गोळ्या, स्वस्त, देशी, आणि भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम नुकताच हाती घेतलेला. यापेक्षा अनुकूल काळ कोणता असणार? गर्भधारणेचे प्रमाण पन्नास ते साठ टक्क्यांनी घटले. औषध म्हणून ते खरोखर परिणामकारक होते, आणि गर्भनिरोधक म्हणून मात्र ते मागे पडले. कारण वर मांडलेल्या हिशेबात आलेच आहे.

चीनमधील सरकी

परिणाम पुरेसा असूनही द्रव्य सोडून द्यावे लागते, याचे उदाहरण चीनमध्ये घडले. तेथील काही गावांत घरच्या घाण्यावर काढलेले कच्चे सरकीचे तेल खाण्यात येऊ लागल्यावर मुलेच होईनाशी झाली. शोध घेता १९५०च्या दशकात संशयाची सुई तेलाकडे वळली आणि पुढे गॉसिपॉल हे पीतवर्णी द्रव्य त्यास कारण असल्याचे ठरले. १९७०च्या दशकात तेथे आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते देण्यात आले. आरंभी रोज वीस मिलिग्रॅम, शुक्राणू घटल्यावर आठवड्यास पन्नास-साठ मिलिग्रॅम. परिणाम नव्व्याण्णव टक्क्यांच्या घरात! आजवर वनस्पतीतून मिळालेले एवढे जोमदार पुरुष-गर्भनिरोधक दुसरे नाही.

परंतु काही पुरुषांच्या रक्तातील पोटॅशियम उतरून त्यांना स्नायूंची दुर्बलता, क्वचित पक्षाघातासारखी अवस्था येऊ लागली. आणि याहून गंभीर बाब म्हणजे औषध बंद केल्यावरही दहा ते वीस टक्के पुरुषांत शुक्राणू परत आले नाहीत. तात्पुरता उपाय म्हणून घेतलेल्या औषधाने त्यांस कायमचे वंध्यत्व आले. चीनने १९८६ साली हे काम थांबविले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन गटाने १९९८ साली ते सोडून द्यावे असा अभिप्राय दिला. (आपल्याकडे सरकीचे तेल पुष्कळ खाल्ले जाते, त्यामुळे वाचकांच्या मनात शंका येईल. तेल शुद्ध करताना क्षाराची जी प्रक्रिया होते तिच्यात गॉसिपॉल निघून जाते. चीनमधील ते तेल कच्चे होते.)

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. ज्वराचे औषध आजारी मनुष्य घेतो, काही दिवस घेतो, आणि थोडा त्रास झाला तरी रोग गेल्याचे समाधान असते. गर्भनिरोधक निरोगी मनुष्य घेतो, वर्षानुवर्षे घेतो, आणि पुढे कधीतरी आपली जननक्षमता जशीच्या तशी परत मिळावी या अपेक्षेने घेतो. शिवाय ते फसले तर त्याचा परिणाम ज्याने ते घेतलेच नाही अशा तिसऱ्या जिवावर होतो. म्हणून यास कसोटी अधिक कडक हवी. "वनस्पतिज म्हणून निर्धोक" हे आम्ही त्या बाईस सांगितलेले वाक्य सरकीने केव्हाच खोटे पाडलेले होते.

मूषकाच्या पुढची पायरी गाठणारी कामे थोडी आहेत, त्यांत जयपूर येथील राजस्थान विद्यापीठात डॉ. एन. के. लोहिया यांच्या गटाने पपईच्या बियांवर केलेले काम उल्लेखनीय आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नर वानरांना बियांचे क्लोरोफॉर्ममधील सत्त्व किलोमागे ५० मिलिग्रॅम या मात्रेने ३६० दिवस देण्यात आले. सुमारे तीन महिन्यांनी शुक्राणू नाहीसे झाले आणि औषध बंद केल्यावर साधारण पाच महिन्यांनी पूर्ववत झाले. पूर्ववत होणे तपासले गेले, हेच या कामाचे मोल. मात्रा सरळ हिशेबाने पाहिली तर साठ किलोच्या पुरुषास रोज तीन ग्रॅम सत्त्व, बिया त्याच्या कितीतरी पट. म्हणून कोणी पुरुषाने पपईच्या बिया चावून निश्चिंत राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

चीनमध्येच आमवातासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रिप्टेरिजियम या वेलीने पुरुषांत वंध्यत्व येते हे १९८०च्या दशकात ध्यानात आले होते. तिच्यातील ट्रिप्टोनाइड हे द्रव्य उंदरांत व माकडांत शुक्राणूंना निकामी करते आणि बंद केल्यावर परिणाम ओसरतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मनुष्यापर्यंतचा मार्ग अद्याप बाकी आहे.

दोन गैरसमज

रुग्णांच्या, आणि क्वचित आपल्याही बोलण्यात येणारे दोन गैरसमज जाता जाता दूर करू. पहिला 'सहेली' या गोळीविषयी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत निघालेली ही आठवडी गोळी १९९१ साली बाजारात आली आणि २०१६ पासून 'छाया' नावाने शासकीय कार्यक्रमात आहे. तिच्यात हार्मोन नाही, ती भारतीय आहे, एवढ्यावरून ती आयुर्वेदीय आहे असे सांगितले जाते. ती आयुर्वेदीय नाही. सेंटक्रोमन हे प्रयोगशाळेत संश्लेषित केलेले रसायन आहे.

दुसरा गैरसमज रानकंदांविषयी. रसेल मार्कर यांनी १९४०च्या दशकात मेक्सिकोतील डायोस्कोरिया वर्गाच्या कंदातील डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केले आणि १९५१ साली त्याच मेक्सिकोत नॉरएथिस्टेरॉन तयार झाले. गोळीचा जन्म कंदापासून झाला हे खरे. परंतु डायोसजेनिनचे हार्मोन होते ते कारखान्यातील भांड्यात, मनुष्याच्या पोटात नव्हे. कंदाचे चूर्ण खाऊन गर्भनिरोध होत नाही.

स्थानिक प्रयोगाची वाट

मुखावाटे घ्यावयाच्या औषधांचे चित्र असे निराशाजनक असले, तरी योनिमार्गी स्थानिक प्रयोगात आपल्या द्रव्यांनी बरीच मजल मारली आहे. आमच्या मते या क्षेत्रातील खरा भरवसा तेथेच आहे, आणि आपल्या व्यवसायाने तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

निंबतैल शुक्राणूंना प्रयोगनळीत अर्ध्या मिनिटात निश्चेष्ट करते, हे दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रिया संस्थेतील संशोधकांनी १९८४ साली दाखविले. पुढे तेलाचा एक अंश वेगळा काढून त्यास निम-७६ असे नाव दिले गेले. रिठ्यातील फेनिल द्रव्यापासून केंद्रीय औषध संशोधन संस्थेने 'कॉन्सॅप' नावाचे शुक्राणुनाशक मलम सिद्ध केले. डॉ. जी. पी. तलवार यांनी राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत निंबपत्र, रिठा व पुदिन्याच्या वर्गातील एका तेलाचा संयोग करून 'प्रानीम' तयार केले. त्याच्या योनिमार्गी वटीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही झाली. ती संसर्गप्रतिबंधाच्या दृष्टीने होती. वापरणाऱ्या स्त्रियांस ती कितपत रुचते, नेमाने वापरली जाते का, हेही तेथे विचारले गेले, आणि ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. स्त्रीला विचारून केलेला अभ्यास आपल्या प्रबंधांत किती वेळा दिसतो?

स्थानिक द्रव्याचे लाभ उघड आहेत. क्रिया जागच्या जागी आणि प्रत्यक्ष शुक्राणूवर होते, त्यामुळे मूषक आणि मनुष्य यांतील अंतर आड येत नाही. शरीरात शोषण अल्प, आणि वापर थांबविला की परिणाम संपला. उणीवही आहे. एकट्या शुक्राणुनाशकाचे अपयश मोठे असते, जगभर हाच अनुभव आहे. निरोधाबरोबर किंवा पडद्याबरोबर जोड म्हणूनच त्याचा विचार करणे योग्य.

वावडिंगाच्या पोत्यात काय असते

हा परिच्छेद विशेषतः औषधनिर्मात्या बंधूंसाठी. पिप्पल्यादि योगातील मुख्य कार्यकारी द्रव्य विडंग असे मानले जाते, आणि विडंगातील एम्बेलिन या द्रव्यावर मूषकांत पुष्कळ काम झाले आहे. ते काम खऱ्या विडंगावर, म्हणजे एम्बेलिया राइब्स या वेलीच्या फळांवर. आपल्या बाजारात 'वावडिंग' म्हणून येणाऱ्या मालात एम्बेलियाची दुसरी जात, मेसा इंडिका, तर कधी मिर्सिन आफ्रिकाना यांची फळे सर्रास असतात. खरी वेल जंगलात दुर्मिळ होत गेली, मागणी वाढली, आणि व्यापाऱ्याने दिसावयास सारखे असेल ते पुरविले. चूर्णाचे ईथरमधील सत्त्व काढून त्यात सौम्य अमोनिया घातला असता निळसर जांभळा साका बसतो, ही जुनी परीक्षा अनेक फार्मसींत आजही केली जाते. ती उपयुक्त आहे, परंतु तिने एम्बेलिनसारखे द्रव्य आहे एवढेच कळते, फळ कोणत्या जातीचे ते कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि एचपीटीएलसी यांस पर्याय नाही. मूळ द्रव्याचीच ओळख पटलेली नसताना, एका घाणीची वटी दुसऱ्या घाणीसारखी असेल याची हमी कोण देणार? कृमिरोगात ही त्रुटी खपून जाते, कारण जंत राहिले तर पुन्हा औषध देता येते. येथे ती खपणार नाही.

टंकणाविषयीही सावधगिरी हवी. बोरॉनच्या संयुगांनी मूषकांत गर्भाचे वजन घटते आणि नरांत वृषणांवर परिणाम होतो, हे विषशास्त्रात सुप्रतिष्ठित आहे. युरोपीय संघाने टंकणास जननविषारी द्रव्यांच्या वर्गात घातले आहे. लाही केल्याने टंकणातील जलांश जातो, बोरॉन तेवढेच राहते. २००१ सालच्या त्या अभ्यासात पिलांचे वजन घटले, त्यामागे टंकणाचा भाग किती असावा ही शंका आम्हांस वाटते. ती शंकाच आहे. तीन द्रव्ये पृथक् पृथक् देऊन पाहिल्याशिवाय निर्णय होणार नाही.

उलट बाजूने, चंद्रप्रभा वटी, योगराज गुग्गुळ यांसारख्या कल्पांत विडंग व पिप्पली असतात म्हणून ते देण्यास घाबरावे असे मुळीच नाही. तेथे या द्रव्यांचा अंश फार अल्प असतो. मात्र अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रीस कृमिघ्न म्हणून भरपूर मात्रेत विडंग देण्यापूर्वी पाळीची तारीख विचारावी, एवढी दक्षता आम्ही घेतो.

कायद्याचे थोडक्यात. भावप्रकाश व योगरत्नाकर हे औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथ असल्याने त्यांतील कल्पास निर्मितीचा परवाना मिळणे अवघड नाही. परंतु औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या तिसऱ्या कलमात गर्भधारणा टाळण्याच्या व गर्भपाताच्या औषधांची जाहिरात स्पष्टपणे निषिद्ध आहे. रंगीत पत्रके वाटणाऱ्यांनी आणि ती आपल्या मेजावर ठेवून घेणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. "पाळी आणण्याचा काढा" मागणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर आपली जबाबदारी अधिकच कडक आहे. १९७१ सालच्या गर्भपात कायद्यान्वये, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनंतरही, आपल्या पदवीस गर्भपात करण्याचा अधिकार नाही. तेथे काढा न देता प्रथम लघवीची तपासणी करावी.

आज आमच्याकडे असे जोडपे आले तर आम्ही त्यांना पिप्पल्यादि वटी देत नाही. निरोध, तांबी, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन ही साधने प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात हे सांगतो आणि चिठ्ठी लिहून देतो. तांबीनंतरचा रक्तस्राव, गोळीने होणारी मळमळ या तक्रारींवर मात्र आमच्याच औषधांनी उपचार करतो, आणि त्यांत बऱ्याच वेळा यश येते. १९९८ साली ती बाई आली होती ती खरे पाहता याच दोन तक्रारी घेऊन.